बाबांनी धुतलेलं इंजिन

इंजिन धुताना पाणी जाऊ नये म्हणून अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी चढवून त्याने तिला रबरबँडचे दोन वेढे दिले. तिसरा देता देता रबरबँड तुटला आणि त्याच्या अंगठ्यावर सपकन बसला.

"दोन वेढे पुरेत का रे?" मागून बाबांनी विचारलं.

"पुरेत, बाबा."

"नाही, मी आपलं विचारलं."

इमारतीच्या मागच्या आवारात, गाडीपासून चार पावलांवर, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले. सकाळपासून त्यांनी हाच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला होता. बॅटरीची वायर सोडवलीस का, आधी काळी सोडवलीस ना, हवा आत जाते ते तोंड झाकलंस का, फ्यूजच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का. आणि दर वेळी 'मी आपलं विचारलं' ही पुस्ती. त्याला वैताग येत होता, आणि वैताग येतोय म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही लावू नका, असं काल पाहिलेल्या व्हिडिओतला माणूस बोट नाचवून बजावत होता. इथे ती काळजी नव्हती. हे इंजिन चार महिने थंडच होतं. ते थंड कुणी केलं, हे बाबा सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याने केलं त्याच्या पँटच्या उजव्या खिशात त्याचा पुरावा रुमालात गुंडाळलेला होता. काड्यापेटीच्या निम्म्या आकाराचा एक काळा ठोकळा. त्याला रिले म्हणतात. तो फ्यूजच्या डब्यात बसवलेला असला की टाकीतून पेट्रोल वर येतं, काढला की गाडी नुसती खोकत राहते.

चार महिन्यांपूर्वी बाबांनी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला होता. गाडी आवाराच्या फाटकावर जाऊन आदळली. फाटक वाकलं, बाबांना खरचटलंसुद्धा नाही, पण तिथूनच पहिल्या मजल्यावरची मुलगी दहा सेकंद आधी सायकलवरून बाहेर पडली होती. बाबा म्हणाले, पाय घसरला. डॉक्टर म्हणाले, पाय घसरलेला नाही, साखरेमुळे तळव्याला समजतच नाहीये कुठे टेकलाय ते, आता गाडी बंद. बाबांनी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी चावी घेऊन खाली उतरले.

त्या वेळी त्याने समोर उभं राहून 'बाबा, चावी द्या' एवढं म्हणायला हवं होतं. पण ह्या घरात तोंडावर बोलायची रीतच नव्हती. तो नववीत नापास झाला तेव्हा बाबांनी एका शब्दाने जाब विचारला नव्हता, फक्त आठ दिवस रोज सकाळी त्याच्या सायकलच्या चाकांत हवा आहे की नाही ते बघत होते. बापाला 'तुमचा पाय कामातून गेलाय' असं सांगायची त्याची छाती झाली नाही. त्यापेक्षा शाळेतल्या मित्राच्या गॅरेजवर जाऊन, कुठला ठोकळा काढला की गाडी चालू होणार नाही, हे विचारणं सोपं होतं. एका रविवारी दुपारी बाबा झोपलेले बघून त्याने तो काढला. सोमवारी गाडी खोकली ती खोकलीच. मग मित्राला रीतसर बोलावणं गेलं. त्याने बॉनेट उघडून इकडेतिकडे हात लावल्यासारखं केलं, चेहरा गंभीर केला आणि जाहीर केलं की वायरिंग जुनं, त्यात ओल गेली, आता हिचं काही खरं नाही. मित्राला रस्त्यापर्यंत सोडायला गेला तेव्हा दोघं हसलेही होते. 'ओल गेली' हे मित्राला आयत्या वेळी सुचलेलं होतं. बरं जमलं, असं त्याला तेव्हा वाटलं.

आता गाडी धाकट्या बहिणीकडे जाणार होती. ती आणि तिचा नवरा पुढच्या रविवारी न्यायला येणार होते. बाबांना विचारलं तर ते चटकन 'नेऊ दे' म्हणाले, 'माझ्या हातून तिचं वाटोळं झालंच आहे' असंही म्हणाले. फाटकाबद्दल बोलत असतील असं धरून सगळे हसले. आजचा बेत साधा होता. इंजिन धुवायचं, बाबा चहाला वर गेले की रिले गुपचूप जागेवर बसवायचा, आणि पुसूनबिसून झाल्यावर चावी फिरवून म्हणायचं, बघा, ओल वाळली. कुणाला काही कळणार नाही, कुणी दुखावणार नाही. चार महिन्यांची टोचणी एका सकाळीत संपेल.

पण बाबा खुर्ची सोडत नव्हते.

त्याने रंगाचा कोरडा ब्रश घेऊन कोपऱ्यांत अडकलेली पानं आणि धूळ झाडायला सुरुवात केली. पानं हाताने उचलून बादलीत टाकली. इंजिनाखाली जुनी चादर आणि तिच्यावर पसरट ट्रे ठेवला होता, तेलकट पाणी गटारात जाऊ नये म्हणून. हे सगळं त्याला व्हिडिओ बघून कळलं होतं आणि बाबांना न बघता. एकतीस वर्षं बाबांनी एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं धुतली होती. चिमटे, कात्र्या, सुया धरायच्या पकडी. आधी थंड पाणी, मग ब्रश, मग तपासणी, मग वाफ. नाव डॉक्टरांचं होतं, पण त्यांच्या हातात जे जातं ते आधी माझ्या हातून जातं, असं ते पाहुण्यांना सांगत. एकतीस वर्षांत त्यांनी धुतलेला एकही ट्रे डागासाठी परत आला नव्हता. आई गमतीने म्हणायची, ह्यांना नवरी दाखवली तेव्हा ह्यांनी आधी मी दिलेली कपबशीच उजेडात धरून बघितली.

असा माणूस आज खुर्चीत बसून होता. सकाळी त्याने सवयीने ब्रश पुढे केला तेव्हा बाबांनी हात मागे घेतला होता.

"तूच कर. मी बघतो."

चार महिन्यांत बरंच काही बदललं होतं. बाबा गॅस बंद केल्यावर सुनेला बोलावून 'बंद आहे ना?' असं विचारत. औषधांच्या डबीत गोळ्या भरायचं काम त्यांनी स्वतःहून तिच्याकडे सोपवलं. आधी घरातली सगळ्यांची भांडी त्यांना परत घासावीशी वाटत, आता स्वतःचा पेला विसळून झाला की तोही दाखवून घेत. वय झालं, असं बायको म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं. इतकंच नव्हे, गाडी वेळेवर थांबवली म्हणून त्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

बायकोने वरच्या गॅलरीतून हाक मारली. चहा झालाय, बाबा, वर या. त्याचा हात खिशाकडे गेला.

"इथेच पाठव गं," बाबा म्हणाले. "मी इथून हलत नाही."

त्याने निमूटपणे तेल कापणाऱ्या द्रावणाची बाटली उचलली. हातमोजे चढवले, आणि खालून वर फवारत गेला. इंजिनावरचा चार महिन्यांच्या धुळीचा काळपट थर हळूहळू सुटून ओघळू लागला. आता पाच मिनिटं थांबायचं होतं. तो बॉनेटच्या कडेला टेकून उभा राहिला. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाबा आले ते सरळ फ्यूजच्या डब्यापाशी. डब्यावरच्या पिशवीची गाठ त्यांनी दोन बोटांनी चाचपली, ओढून बघितली, पुन्हा चाचपली.

"ही सुटणार नाही ना?"

"बाबा, किती वेळा तेच?"

तो जरा जोरातच बोलला. बाबांनी हात काढून घेतला. पण खुर्चीकडे गेले नाहीत. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि तो पुन्हा न लावता हातातच धरून उभे राहिले.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "मी धुतली होती."

"काय?"

"ही. बंद पडायच्या आधी. शनिवारी. तुम्ही दोघं धाकटीकडे गेला होतात तेव्हा."

 बाबा इंजिनाकडे बघत सांगत राहिले. फाटकाचं झाल्यापासून तू माझ्याशी धड बोलत नव्हतास, म्हणाले. वाटलं, तुम्ही यायच्या आत इंजिन लखलखीत करून ठेवावं आणि आल्यावर बॉनेट उघडून दाखवावं. म्हातारा अगदीच कामातून गेलेला नाही हे तुला दिसेल. रविवारी तुम्ही दमून आलात, म्हणून म्हटलं उद्या दाखवू. आणि सोमवारी ती चालूच झाली नाही.

त्याला तो रविवार आठवला. घाईघाईने बॉनेट उघडलं तेव्हा आतून साबणासारखा वास आला होता. सगळं चकचकीत होतं. त्याने ते पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं, कारण सगळं लक्ष वर खिडकीकडे होतं, बाबा उठतील का ह्याकडे.

"पिशव्या चार घेतल्या होत्या," बाबा म्हणाले. "हे पक्कं आठवतंय, कारण मोजून घेतल्या. नंतर तारेवर वाळत घातल्या त्या तीन आठवतात. चौथी आठवत नाही. फ्यूजच्या डब्यावर घातली होती की नाही, तेवढंच दिसत नाही बघ. रोज आठवून बघतो. कधी वाटतं घातली होती. कधी वाटतं, मी घातली असं मला वाटावं म्हणून वाटतंय."

"बाबा, जाऊ द्या ना."

"तुझा मित्र म्हणाला ना, ओल गेली म्हणून. मी जिन्यातच उभा होतो."

आता बोलायला एक सोपं वाक्य होतं. होतं असं कधीकधी, बाबा, आणि आज वाळलीय की नाही ते बघू आपण. ते त्याच्या जिभेवर आलंसुद्धा. बाबा खुर्चीत जाऊन बसले असते, तासाभराने इंजिन सुरू झालं असतं, थोडा तरी भार उतरला असता. पण त्यानंतरही चौथी पिशवी बाबा शोधतच राहिले असते.

"धाकटीला हे सांगू नकोस," बाबा म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "इथे नीट झाकलं नाही आणि मला कळलंही नाही. मग आता वाटत राहतं, तिथे तरी सगळं नीट झालं असेल का. एकतीस वर्षं. एखादा ट्रे तसाच गेला असेल. ज्याच्या पोटात ते हत्यार गेलं त्याला कोण सांगणार होतं?"

 मित्राला आयत्या वेळी सुचलेले दोन शब्द कुठवर जाऊन पोचले होते. गॅसची ती विचारपूस, तो पेला दाखवणं, गोळ्यांची डबी, हे वय नव्हतं. हे त्याने केलं होतं. रोज सकाळी शेजारी बसून चहा पीत, वर्तमानपत्र वाटून घेत, त्याने बापाचा स्वतःवरचा विश्वास हळूहळू काढून घेतला होता आणि वर त्याला वयाचं नाव दिलं होतं.

त्याने हातमोजा ओढून काढला आणि खिशातून रुमाल बाहेर काढून उलगडला.

"पाणी गेलंच नव्हतं, बाबा. हा मी काढून ठेवला होता."

बाबांनी चष्मा लावला. ठोकळ्याकडे वाकून पाहिलं, हात लावला नाही.

"काय आहे हे?"

त्याने सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. मग फाटकाचं, त्या सायकलवरच्या मुलीचं, डॉक्टरांचं असं सगळं एकदम बोलू लागला, तसा बाबांनी पंजा उभा धरून त्याला थांबवलं.

"कधी काढलास?"

"रविवारी. दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा."

"शनिवारी मी धुतली. रविवारी तू उघडलीस."

"हो."

"हा डबा उघडलास?"

"हो."

"आत कसं होतं?"

तो आता ओरडतील, निदान तोंड फिरवून निघून तरी जातील, ह्या तयारीत होता. प्रश्न समजायलाच त्याला वेळ लागला.

"कोरडं होतं, बाबा. ठणठणीत कोरडं. पाण्याचा थेंब नव्हता कुठे."

"नीट बघितलंस?"

"बोटं घातली होती आत. बोटांना काही लागलं नाही."

बाबांनी पाठ फिरवली. दोन्ही हात गाडीच्या कडेवर टेकले आणि खांदे एकदा वर जाऊन खाली आले. तो जवळ जावं की नाही ह्या विचारात तसाच उभा राहिला. वरून बायको चहाचे दोन पेले घेऊन उतरत होती. अर्ध्या जिन्यात तिला खालचं चित्र दिसलं, तिथूनच पेले कठड्यावर ठेवून ती परत गेली.

"चार महिने," बाबा पाठमोरेच म्हणाले, "तू माझ्या समोर बसून जेवत होतास."

"हो."

"मी गॅस विचारायचो, तेव्हा तू तिथेच असायचास."

"मला हे माहीत नव्हतं, बाबा. धुतल्याचं माहीत नव्हतं."

"गाडीचं तर माहीत होतं."

 चुकलो, असं तो म्हणाला, पण इतकं हळू की ते बाबांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

बाबा वळले. डोळे लाल होते. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, इंजिनाकडे बघितलं.

"वाळायला लागलंय ते. वाळू दिलंस तर डाग राहतील. ब्रश कुठे आहे?"

ब्रश त्यांनी स्वतःच उचलला. वरच्या झाकणापासून सुरुवात करून ते एका बाजूने घासत खाली येत गेले, जिथे ब्रश पोचेना तिथे जुना टूथब्रश. हात एकदाही अडखळला नाही. मग त्याला पाण्याची नळी धरायला लावली. जोराने नको, झारीने झाडाला घालतात तेवढंच, वरून खाली, पिशव्यांच्या बाजूला अजिबात नको.  काळं पाणी ट्रेमध्ये साचलं, मग करडं झालं, मग नितळ. बाबांनी मऊ फडक्याने एकेक नळी पुसली, फडक्याचं टोक बोटावर घेऊन खाचा पुसल्या. शेवटी पिशव्या उतरवल्या. उतरवताना ते पुटपुटत मोजत होते.

"चार," ते म्हणाले, आणि चारही त्यांनी त्याच्या हातात दिल्या.

सगळं तासभर उन्हात उघडं ठेवलं. चहा गार झाला होता, तो दोघांनी तसाच प्यायला. मग त्याने रिले जागेवर बसवला, बॅटरीची वायर जोडली, बॅटरी आदल्याच दिवशी गॅरेजमधून चार्ज करून आणली होती. आत बसून चावी फिरवली. पहिल्या वेळी इंजिन नुसतं कुरकुरलं. दुसऱ्या वेळी सुरू झालं.

बाबा बाहेर, बॉनेटपाशी उभे राहून ऐकत होते. दोन मिनिटं त्यांनी हात गाडीवर ठेवला. चेहऱ्यावर जे आलं ते त्याला काचेतून दिसलं आणि त्याने नजर खाली वळवली. चावी द्यावी लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं. आता 'नाही' म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं. त्याने गाडी बंद केली, उतरला आणि चावी पुढे केली.

बाबांनी ती घेतली. तळहातावर थोडा वेळ धरली आणि स्वतःच्या खिशात टाकली. मग फ्यूजच्या डब्याकडे बोट केलं.

"आता तो काढ."

"कशाला, बाबा?"

"धाकटी यायला आठ दिवस आहेत. गाडी चालू आहे म्हटल्यावर मला राहवणार नाही. मी ओळखतो मला." ते थांबले. "आणि पायाचंही मला कळतं. तेव्हाही कळत होतं. तू विचारलं असतंस तर भांडलो असतो, पण दिली असती चावी. काढ तो. ह्या वेळी माझ्यासमोर काढ."

त्याने डब्याचं झाकण उघडलं. बाबा अगदी जवळ येऊन उभे राहिले, चष्मा नीट बसवला आणि बघू लागले. त्याने रिले चिमटीत धरून ओढला. तो निघेना. बोटं घामाने ओलसर होती, दोनदा चिमूट सुटली. तेव्हा बाबा पुढे वाकले आणि त्याला नीट ओढता यावा म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी डबा घट्ट धरून ठेवला.